बजेटमधलं मढं

मामांनी बऱ्याच चित्रपटांत काम केलं आणि त्या प्रत्येक चित्रपटात ते मेलेले होते. जिवंत भूमिका त्यांनी कधी केली नाही. कुणी आग्रह केला तर म्हणत, "जिवंत माणसाला डायलॉग लागतो, कपडे लागतात, वर तो डोकं लावतो. मढं गप पडून राहतं." सगळी इंडस्ट्री त्यांना मामा म्हणायची, पण खरं म्हणजे ते नट नव्हतेच. ते लाइन प्रोड्यूसर होते. ज्याच्या खिशात काही नाही आणि डोक्यात सिनेमा आहे अशा माणसाला तो किती पैशांत होईल हे सांगायचं आणि मग तेवढ्यातच करून घ्यायचा, हा त्यांचा धंदा. मढ्यासाठी वेगळा माणूस आणायला नको म्हणून ते स्वतःच आडवे पडायचे.

"तुमचे हे चित्रपट कुठे बघायला मिळतील?" मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

"खय मिळतले? सगळे डब्यात आहेत," ते अभिमानानं म्हणाले. "पण पूर्ण आहेत. एकपण अर्धा नाय."

यातला अभिमान कळायला अंधेरीत राहावं लागतं. अर्धवट सिनेमे करून ठेवलेल्या लोकांची इथे कमतरता नाही. कुठल्याही महागड्या कॉफीच्या दुकानात शिरा, निम्मी टेबलं त्यांचीच असतात. मामांच्या हाताखालून गेलेला सिनेमा मात्र पूर्ण व्हायचा. तो पुढे कुणी बघायचा की नाही, हे त्यांचं खातं नव्हतं.

त्यांचं ऑफिस म्हणजे अंधेरी स्टेशनजवळच्या एका उडुप्याकडचं पंख्याखालचं टेबल. मी एकदा त्यांना लिंक रोडवरच्या कॉफीच्या दुकानात बोलावलं, तर आत न येता काचेबाहेर उभे राहिले. मला खुणेनं बाहेर बोलावलं आणि विचारलं, "ही कॉफी तू स्वतःच्या पैशानं पितेस की प्रोड्यूसरच्या?"

"स्वतःच्या."

"मग प्रोड्यूसर मिळेपर्यंत पिऊ नको."

बजेट ते कॉम्प्युटरवर करत नसत. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर करत, कारण कागद जाड असतो आणि फुकट असतो. आम्हाला पुढे बोरिवलीचे एक डेंटिस्ट प्रोड्यूसर म्हणून मिळाले. त्यांना बजेट दाखवायला गेलो तेव्हा त्यांनी आधी पत्रिका उलटी करून कुणाचं लग्न आहे ते वाचलं. मग ओळख निघाली. वधू त्यांची पेशंट होती. कॅमेऱ्याच्या भाड्याबद्दल त्यांनी काही विचारलंच नाही, आणि मला अजून संशय आहे की मामांनी पत्रिका शोधून आणली होती.

त्या बजेटात पहिली ओळ कायम जेवणाची. कॅमेरा उशिरा आला तर लोक थांबतात, जेवण उशिरा आलं तर लोक संघटना काढतात, हे त्यांचं मत होतं. त्यांचे वडील गिरणीत होते. पोरवयात मामा गिरणी कामगारांच्या मंडळाच्या नाटकांचं सामान ट्रकवर चढवायचे आणि प्रयोगानंतर कोण रुसलंय, कोण उपाशी आहे, हे पाहायचे. बजेट करायला ते तिथंच शिकले. त्यांच्या सेटवर बुधवारी अंडाकरी आणि शुक्रवारी मासे ठरलेले. माझा कॅमेरामन पुण्याचा आणि शाकाहारी. त्याला मामा रोज प्रेमानं विचारायचे, "आज काय, गवत?"

आमच्या सिनेमाची गोष्ट साधी होती. तिघी बहिणी, त्यांची आई आणि सगळ्यांना धाकात ठेवणारा बाप. शेवटी बापाच्या मनाविरुद्ध धाकटीचं लग्न होतं आणि भर मांडवात आई पहिल्यांदा नवऱ्याला तोंडावर बोलते. ही स्क्रिप्ट मी काही वर्षं लिहीत होते. मामांनी ती एका दुपारी लाल पेन घेऊन वाचली. वाचली म्हणजे मेथीची जुडी निवडावी तशी निवडली.

"रात्र कशाला?" ते म्हणाले. "रात्र म्हणजे लाइट, लाइट म्हणजे जनरेटर."

"मामा, चोर येतो त्या सीनला. चोर रात्रीच येणार ना."

"दुपारी येईल. दुपारी माणसं झोपतात."

चोर दुपारी आला. एक कुत्रा होता, त्याचं नुसतं भुंकणं राहिलं. काका आणि आत्या होते, त्यांतली एकटी आत्या उरली आणि काकांचे संवाद तिच्या तोंडी गेले. गावाहून पाहुणे येतात असा प्रसंग होता, तिथे दाराबाहेरच्या चपला वाढल्या. पाहुणे जेवतात, चपला जेवत नाहीत, असा त्यामागचा हिशोब. मग गाडी बापावर आली.

"हा कोण करणार?"

मी एका मोठ्या नटाचं नाव घेतलं. मामांनी बशीतला चहा संपवला.

"तो एका दिवसाचे घेतो ना, त्यात आपला आख्खा पिक्चर होतो. बाप दाखवायचाच कशाला? आतल्या खोलीत आहे तो. खोकतो. खोकल्याला मेकअप लागत नाय."

"आणि लग्नात? तिथे तरी बाप दिसायला हवा की नको?"

"लग्न?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "अगो, लग्न म्हणजे मांडव, फुलं, दागिने, शेदोनशे माणसं आणि त्यांचे कपडे. मयत कर. मयताला माणसं आपापल्या कपड्यांत येतात, कोण नटत नाय, जेवायला कोण थांबत नाय. बाप मरतो. आईला काय बोलायचं ते तेव्हा बोलू दे. उलट बोलायलापण कोण नाय."

मी घरी जाऊन रडले. माझे काका, पाहुणे, एक कुत्रा, सगळ्या रात्री आणि एक लग्न अशी वाट लागली होती. पण रडून झाल्यावर लक्षात आलं की हे माझ्यापेक्षा चांगलं आहे. जन्मभर नवऱ्यासमोर गप्प राहिलेली बाई त्याच्या मढ्यासमोर बोलते, आणि प्रेक्षकाला तो माणूस पहिल्यांदा दिसतो तोच मेलेला. हे मी मामांना उत्साहानं सांगायला गेले तर म्हणाले, "ते तुझं तू बघ. माझ्या दोन शिफ्ट वाचल्या."

लग्न रद्द झाल्याचं डेंटिस्टसाहेबांना फार लागलं, कारण त्यांच्या घरच्या सगळ्यांना त्यात दिसायचं होतं. मामांनी त्यांना मयताला या म्हणून आमंत्रण दिलं. ते सहकुटुंब आले.

मामा पूजेपुरते देवभोळे होते. मुहूर्ताचा नारळ ते मालवणी गाऱ्हाणं घातल्याशिवाय फोडू देत नसत, आणि युनिटमधल्या सगळ्यांनी मोठ्यानं साथ द्यायची असा दंडक होता. आमचं शूटिंग कुर्ल्याच्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर होतं. जिन्यात नारळ ठेवून मामांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान पिच्चरचो घाट घातल्यान हा, तो तडीक ने रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही सगळे.

"कॅमेऱ्याची बॅटरी आणि हिरोइनीचो मूड सांज होईसर टिकव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि डायरेक्टरणीक मधीच काय नवीन सुचला, तर ता तिका तिथल्या तिथे विसरूक लाव रे म्हाराजा."

यावर युनिटनं जेवढ्या जोरात व्हय म्हाराजा म्हटलं, तेवढ्या जोरात कधीच काही म्हटलं नव्हतं. शाकाहारी कॅमेरामन सगळ्यांत पुढे.

त्याच बजेटात एक गोष्ट मला खटकली होती. 'मढं' या शब्दापुढे आकडा होता. बोरिवलीचे एक वयस्कर नाट्यनट त्यासाठी ठरवले होते. पत्रिकेच्या मागे गोंदाच्या डब्याचा हिशोब ठेवणारा माणूस मढ्यावर खर्च करतो, हे मला पटेना. मी विचारलं तर म्हणाले, "वय झालं माझं," आणि विषय बदलला.

खरं कारण मयताच्या सीनच्या सकाळी कळलं. सोसायटीनं तिरडी, रडारड वगैरेसाठी एकच दिवस परवानगी दिली होती, तीही सेक्रेटरीच्या आईला गावी पाठवून. आईचं काम करणाऱ्या बाईंना दुसऱ्या दिवसापासून मालिकेचं शूटिंग होतं. आणि बोरिवलीच्या नटांच्या सुनेचा फोन आला की बाबांना तिरडीवर झोपवायचं नाही, घरात वाद झालेत, माफ करा. म्हणजे तो सीन आज झाला नसता तर झालाच नसता, आणि तो सीन नसेल तर सिनेमाही नव्हता. सगळ्या युनिटनं मामांकडे बघितलं.

"मी नाय," मामा म्हणाले.

त्यांनी मला गॅलरीत नेलं. दोन वर्षांपूर्वी त्यांना हार्टचा झटका आला होता, नळीत जाळी बसवली होती, एवढं मला ठाऊक होतं. मामी, म्हणजे त्यांची बायको, रोज दुपारी घाटकोपरहून फोन करून गोळी घेतली का विचारायच्या आणि त्यांचा डबा बिनतेलाचा असायचा, हेही रोज दिसत होतं. समोरच्या गाडीवरच्या बटाटेवड्यांकडे मामा ज्या नजरेनं बघायचे, ती नजर मी एखाद्या नटाकडून काढू शकले असते तर माझं नाव झालं असतं. ठाऊक नव्हतं ते पुढचं.

"हॉस्पिटलातून घरी आणल्यावर हिनं शपथ घातली," ते म्हणाले. "परत मढं व्हायचं नाय. तिच्या डोक्यावर हात ठेवून घेतली गो मी. शपथ मोडली तर माझं काय नाय होत. तिचं होतं."

माझा या गोष्टींवर विश्वास नाही. पण तो माणूस घाबरला होता आणि ते स्वतःसाठी नव्हतं, हे पाहून मला गलबलून आलं.

"राहू दे मामा," मी म्हटलं. "आपण भिंतीवर फोटो लावू, हार घालू. बाई फोटोशी बोलेल."

"फोटोशी? आख्खा पिक्चर लोक त्या बापाची वाट बघणार आणि तू फोटो दाखवणार? पैसे परत मागतील."

"मग काय करू सांगा."

ते खाली गेटपाशी जाऊन उभे राहिले. वडेवाल्यासमोर बराच वेळ उभे होते, पण खाल्लं काही नाही. वर आले ते शर्टाची बटणं काढतच. "कापूस आणा," म्हणाले. "आणि मामीच्या कानावर जाता कामा नये. कोण बोललं तर त्याचा शुक्रवारचा मासा बंद."

मामांचा श्वास सगळ्या इंडस्ट्रीत नावाजलेला होता. आडवे पडले की पोट हलायचं नाही. जुने कॅमेरामन सांगायचे, मामांवर कॅमेरा सोडून चहा पिऊन यावं. म्हणून मी हा सीन एका सलग शॉटमध्ये ठेवला होता. दारातल्या चपलांवरून कॅमेरा आत येतो, बायकांमधून वाट काढत बापापर्यंत पोचतो, तिथे थांबतो, आणि आई बोलायला लागते.

पहिल्या टेकला बाई बोलायला लागल्या आणि मामांचं पोट वर आलं. चादरीखालून, सावकाश, चांगलं दिसेल असं.

"कट. मामा, श्वास."

"हा हा. सॉरी."

दुसऱ्या टेकला तेच. तिसऱ्याला वरून विमान गेलं, तेव्हा आवाजही गेला आणि पोटही हललं. मी आधी गोडीत सांगितलं, मग हात जोडले, मग ओरडले. "मामा, एवढा वेळ श्वास घेऊ नका हो. एवढंच काम आहे तुमचं." प्रत्येक वेळी ते कापसातून म्हणायचे, "वय झालं," आणि प्रत्येक वेळी बाईंचं वाक्य रंगात आलं की तो श्वास यायचा. बाई तर शेवटी मढ्याला खरोखरच वैतागून बोलल्या, त्यामुळे तो टेक अभिनयाच्या दृष्टीनं सर्वांत चांगला झाला. विमानही नव्हतं. उजेड संपला आणि आम्ही पॅकअप केलं.

एडिटच्या वेळी मी तो शॉट शंभरदा पाहिला असेन. श्वास दिसतच होता. कॉम्प्युटरवर तो पुसून टाकता येतो, पण त्याला पैसे पडतात.

"बजेटमध्ये नाय," मामा म्हणाले, आणि जरा जास्तच पटकन म्हणाले.

मामांची बिचाऱ्यांची एकच चूक झाली. त्यांना वाटलं, हाही सिनेमा डब्यात जाईल. पण मुलुंडच्या एका फिल्म सोसायटीनं तो दाखवायचं ठरवलं, आणि डेंटिस्टसाहेबांनी हौसेनं सगळ्यांच्या घरी आमंत्रणं पाठवली. घाटकोपरच्या पत्त्यावरचं आमंत्रण पाकिटातून काढून मामींनी वाचलं. त्यात नवऱ्याचं नाव होतं. इतक्या वर्षांत नवऱ्याचा पहिला सिनेमा पडद्यावर येणार म्हणून त्यांनी ठेवणीतली साडी काढली.

मामा माझ्याकडे धावत आले. "इंटरव्हल ठेव."

"दीड तासाच्या सिनेमाला इंटरव्हल?"

"ठेव गो. इंटरव्हलला तिला चहाला नेतो आणि तिथंच चक्कर येऊन पडतो."

नाही म्हटल्यावर त्यांनी मामींना सांगितलं की सिनेमा फक्त प्रौढांसाठी आहे. मामी म्हणाल्या, मी साठीची आहे, मला सोडतील.

मुलुंडच्या त्या सभागृहात मी त्यांच्या बरोबर मागे बसले. सिनेमाभर मामी खूश होत्या. आतल्या खोलीतून खोकला आला की मामांच्या खांद्यावर चापट मारायच्या, कारण खोकला त्यांनी ओळखला होता. मग दाराबाहेरच्या चपला आल्या, पुष्कळ चपला, आणि कॅमेरा आत शिरला. मामा छताकडे बघायला लागले. पडद्यावर पांढरी चादर दिसली, तुळशीचं पान दिसलं, आणि नाकात कापूस घातलेला त्यांचा चेहरा आला.

मामी एकदम पुढे वाकल्या. पुढच्या खुर्चीची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी धरली. मला त्यांच्या चेहऱ्याची एकच बाजू दिसत होती आणि मला त्या क्षणी आपण सिनेमा काढल्याचाच पश्चात्ताप झाला. पडद्यावरच्या बाई बोलत होत्या, तीन वर्षं घासलेली माझी वाक्यं, आणि मी ती ऐकतच नव्हते. मग तो श्वास आला. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मामी तशाच वाकून राहिल्या. पुन्हा चादर वर आली. तेव्हा त्यांनी खुर्ची सोडली, मागे टेकल्या आणि पदरानं तोंड पुसलं.

नंतर चर्चा होती. झब्बा घातलेले एक गृहस्थ उभे राहिले आणि त्यांनी बराच वेळ घेऊन विचारलं की बाप मेल्यावरही श्वास घेत राहतो, म्हणजे पुरुषी सत्ता मरत नाही, असं आपल्याला सुचवायचं आहे का. आणि बापाला चित्रपटभर न दाखवण्याचा धाडसी निर्णय आपण कसा घेतलात. मी मामांकडे पाहिलं. ते खाली बघून नखं खात होते.

"हो," मी म्हटलं. "तसंच सुचवायचं होतं."

टाळ्या पडल्या. मला जराही लाज वाटली नाही.

बाहेर वडे आणि चहा ठेवला होता. मामी एका कोपऱ्यात बशी घेऊन उभ्या होत्या आणि मामा त्यांच्यापासून चार हात लांब, शाळेत उभं केल्यासारखे. मी जवळ गेले. म्हटलं, "मामी, चूक माझी आहे. सीन अडला होता."

मामींनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. त्या मामांना म्हणाल्या, "पोट हालत होता."

मामा वड्यांकडे बघायला लागले.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "आमी दोघां एकाच गावची. हो लहानपणी सुट्टीक गावाक इलो काय खाडीत बुडी मारून बसायचो. आमी काठार रडत बसायचों, ह्यो मेलो म्हणान. तरी वर येऊचो नाय. हेका श्वास धरूक येत नाय असा माका कोण सांगतला?" त्यांनी पुन्हा नवऱ्याकडे पाहिलं. "मुद्दाम घेतलंस."

"शपथ होती ना," मामा हळूच म्हणाले. "मढं व्हायचं नाय म्हणून. आडवा पडलो फक्त. मेलो नाय."

मला एकेक टेक आठवायला लागला. रंगात आलेलं प्रत्येक वाक्य आणि त्यावर येणारा तो सावकाश श्वास. एवढ्या वर्षांत सेटवर एकही मिनिट फुकट न घालवलेल्या माणसानं आख्खी शिफ्ट स्वतःहून नासवली होती.

"मेल्या," मामी म्हणाल्या, "पोरीच्या पिच्चरची वाट लावलंस." पण त्यांचे डोळे भरले होते, आणि ते लपवायचाही त्यांनी प्रयत्न केला नाही.

"ही काय कमी आहे?" मामांना आता धीर आला होता. "सारखी वरडत होती. श्वास घेऊ नका, श्वास घेऊ नका."

"मगे?"

"घेतलंय."

मामींनी बशीतला वडा मोडला आणि त्यातला अर्धा, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच, त्यांच्या हातावर ठेवला.